सूचींतील उणिवा आणि ग्रंथपालाचे साहाय्य

एखाद्या विषयावर पूर्वी काय लिहिले गेले आहे, याचा पद्धतशीर शोध घेतल्याखेरीज ‘या विषयावर लेखन झालेले नाही’ असे म्हणण्याचा अधिकार संशोधकास प्राप्त होत नाही. मराठवाड्यासंबंधी हे विधान सहजपणे केले जाण्याचा धोका विशेष आहे. म्हणून सूचींचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते.

1867 च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यान्वये मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. परंतु हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. औरंगाबाद 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तेथील मराठी मुद्रण या याद्यांच्या कक्षेबाहेर राहिले. पुढे शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. 1950 पर्यंतचा तिचा दुसरा भाग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. हे कार्य असामान्य होय. तथापि, कोणतीही सूची ज्या संग्रहांवर व नोंदींवर उभी असते, त्यांच्या मर्यादा तिलाही येतात.

दुसरी अडचण भाषेची आहे. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारल्यानंतर अनुच्चारित अनुस्वार गळाले. ‘नांव’चे ‘नाव’ व ‘कांही’चे ‘काही’ झाले. जुने शीर्षक नव्या लेखनाने शोधल्यास संगणकीय सूचीत ते हाती लागेलच असे नाही. 2023 मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. जुने ग्रंथ मात्र औरंगाबाद या नावाखालीच शोधावे लागतात. ‘निजाम’ व ‘मोगलाई’ ही पदे आवश्यक आहेत. पण ‘निजामशाही’ या पदाने अहमदनगरची राजवट व आसफजाही यांची सरमिसळ होते.

कोणत्या संग्रहात कोणते पद चालते, हे ग्रंथपाल जाणतो. पदाचे अर्थभेद विषयाचा अभ्यासक जाणतो. दोघांनी मिळून शोधाची आखणी करावी, हे तत्त्व वैद्यकाने लवकर ओळखले. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संघटनेने पद्धतशीर आढाव्यांना शिस्त लावली. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 च्या मानकांत ग्रंथपालाच्या सहकार्याची शिफारस केली.

1958 मध्ये स्थापन झालेल्या मराठवाड्यातील विद्यापीठाच्या प्रबंधांनीही हा परिपाठ स्वीकारावा. वापरलेली शोधपदे, पाहिलेले संग्रह व शोधाचा दिनांक प्रबंधात नोंदविल्यास पुढील अभ्यासकास राहिलेली जागा नेमकी कळेल आणि ‘लेखन झालेले नाही’ या विधानाची परीक्षा त्याला करता येईल.