चितार आळीतली लाकडी केळी

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडाची फळं विकायला मांडलेली असतात. केळ्यांवरचे डाग, मिरचीचा वाकडा देठ इतके हुबेहूब, की पाहुणा हात लावूनच खात्री करतो.

ही फळं घडवणाऱ्या चिताऱ्यांची दुसरी चीज म्हणजे गंजिफा, खेळायचे पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे 120 गोल पत्ते, सगळे हातानं रंगवलेले. छापील पत्ते स्वस्त झाले आणि गिऱ्हाईक आटलं. तेव्हा, 1970च्या दशकात, सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ही कला स्वतः शिकून घेतली. संस्थानिकानं चिताऱ्यापुढे मांडी घालावी, हे तसं दुर्मीळच! मग राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच तरुण कारागीर शेजारी शेजारी बसून रंगवू लागले. पत्त्यांबरोबर लाकडी डबे, फर्निचरही.

2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गंजिफेला वेगळं, लाकडी कलाकामाला वेगळं.