हिशेब सांगणारा दिवाण

राजा आणि प्रजा यांची गांठ आपल्याकडे पूर्वापार दरबारांत पडत आली. प्रजेनें नजराणा ठेवावा, मुजरा करावा, फार तर एखादा अर्ज पुढें करावा, आणि मिळेल तो हुकूम शिरसावंद्य मानून घरीं परतावें, हा त्या भेटीचा शिरस्ता. परंतु राज्याच्या कारभाऱ्यानेंच गांवोगांवचे शेतकरी व व्यापारी बोलावून आणावे, वर्षाचा जमाखर्च त्यांच्यापुढें मांडावा आणि त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें, हा प्रकार अगदींच निराळा. तो ७ ऑक्टोबर १८८१ रोजीं, दसऱ्याचा सोहळा आटोपल्यावर, म्हैसूर येथें घडला.

त्या वेळची राज्याची स्थिति ध्यानांत घेतली म्हणजे या गोष्टीचें मोल कळतें. १८३१ सालीं इंग्रजांनीं म्हैसूरचा कारभार आपल्या हातीं घेतला व तो पन्नास वर्षें कमिशनरांकरवीं चालविला. २५ मार्च १८८१ रोजीं अठरा वर्षांचे चामराजेंद्र वडियार यांस राज्य परत मिळालें खरें, पण तें दुष्काळानें खंगलेलें. १८७१ च्या खानेसुमारींत पन्नास लाखांहून अधिक भरलेली वस्ती १८८१ सालीं सुमारें बेचाळीस लाखांवर आली होती. १८७६ ते १८७८ या तीन वर्षांतील अन्नान्नदशेचा हा परिणाम. तिजोरींत शिल्लक नाहीं आणि डोक्यावर दुष्काळाचें कर्ज, अशा वेळीं कोणीहि कारभारी लोकांची तोंडें टाळावयाचा.

दिवाण रंगाचार्लू यांनीं उलट केलें. हे गृहस्थ मूळचे मद्रास इलाख्यांतील, महसुली कामांत मुरलेले. त्यांनीं जमविलेल्या प्रजाप्रतिनिधिसभेंत १४४ सभासद होते. गेल्या वर्षीं काय केलें व पुढें काय करावयाचें योजिलें आहे, हें दिवाणांनीं सांगावें आणि सभासदांनीं आपापल्या तालुक्यांचीं गाऱ्हाणीं मांडावीं, अशी तिची रीत. मत देण्याचा अधिकार मात्र कोणासच नव्हता, आणि सभासदहि लोकांनीं निवडलेले नसून सरकारी यंत्रणेच्या पसंतीचे होते.

मग ही सभा म्हणजे दरबाराचीच सुधारलेली आवृत्ति काय, असा आक्षेप सहज सुचतो. आणि तो अगदींच पोकळ नाहीं. येथें आपल्या पुण्याचें उदाहरण आठवतें. २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा नियम असा कीं, सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें. म्हणजे पुण्याच्या सभासदापाशीं लोकांचें मुखत्यारपत्र होतें, पण सरकारनें त्याचें ऐकलेंच पाहिजे असें कांहीं नव्हतें. म्हैसूरच्या सभासदास दिवाणाचे कान मिळाले, पण लोकांचें मुखत्यारपत्र नव्हतें. दोन्हीकडे अर्धें अर्धेंच कार्य झालें होतें.

तरी या दुसऱ्या अर्ध्यास कमी लेखूं नये. जो धनी एकदां कुळापुढें वही उघडतो, त्यास पुढील वर्षीं ती मिटलेली ठेवणें जड जातें. रंगाचार्लू जानेवारी १८८३ मध्यें निवर्तले. त्यांस या सभेचीं दोनच अधिवेशनें पाहावयास मिळालीं. एका माणसाची हौस असती तर सभा त्यांच्याबरोबरच संपती. परंतु त्यांच्यामागून आलेल्या शेषाद्री अय्यर यांसहि दरसाल तिच्यासमोर उभें राहावें लागलें, आणि १८९१ पासून सभासद निवडून येऊं लागले. मतदार थोडे, तेहि जमीनजुमला वा शिक्षण असलेले. तथापि राहिलेलें मुखत्यारपत्र तेथें पोंचलें. १९२३ च्या कायद्यानें सभेस कायद्याचा आधार मिळाला, व नवा कर बसविण्यापूर्वीं तिचा सल्ला घेणें सरकारास प्राप्त झालें.

सल्ला म्हणजे सत्ता नव्हे, हें मात्र शेवटपर्यंत खरें राहिलें. दिवाण सभेस जाब देई, पण सभा त्यास दूर करूं शकत नसे. तें अंतर या सभेनें तोडलें नाहीं. १९४७ सालीं रस्त्यावर उतरलेल्या प्रजेच्या चळवळीनें तोडलें. जबाबदार मंत्रिमंडळ आलें, आणि १९४९ सालीं अडुसष्ट वर्षांची ही सभा विसर्जित झाली.

ऐकून घेणें हें राज्यकर्त्याचें औदार्य नसून कर्तव्य आहे, ही समजूत एका दिवसांत रुजत नाहीं. ती आधीं संवयीच्या रूपानें येते, मग हक्काच्या. आज पुढारी लोकांसमोर येऊन बसतात तेव्हां आपण त्यांच्या भाषणाचें कौतुक करून उठतों. त्या वेळीं वही उघडली कीं नाहीं, एवढें विचारावयास विसरूं नये.