माथेरानची गाडी खेळण्यातली नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. तेव्हापासून आपल्याकडे चर्चा म्हणजे घोडेवाले, हातरिक्षावाले, ई-रिक्षा आणि पेव्हर ब्लॉक. माणसाने माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे, त्यात मला दुमत नाही. पण या सगळ्या भांडणात मिनी ट्रेनचं नाव कुणी घेत नाही. घेतलंच तर पर्यटकांची गंमत म्हणून. मला वाटतं, गाठ नेमकी तिथेच बसली आहे. म्हणून थोडा इतिहास.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने डोंगर चढला आणि साहेबलोकांना माथेरान कळलं. (ठाकर, कातकरी, धनगर त्याच्या कितीतरी आधीपासून या रानात वावरत होते. म्हणून 'मॅलेटने शोध लावला' हे वाक्य मी लिहीत नाही.) मग गव्हर्नर एल्फिन्स्टन आला, बंगले उभे राहिले. त्याच दशकात जीआयपीची लाइन नेरळला पोचली. पण नेरळला उतरून पुढे काय? घोडा, नाहीतर माणसांच्या खांद्यावरची पालखी. म्हणजे पन्नासेक वर्षं माथेरान हे ऐपतवाल्यांचं गाव होतं, आणि त्यांना वर न्यायला खालची गरीब माणसं.

हे बदललं एका बोहरा कुटुंबाने. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने रेल्वे बांधून काढली. खर्च १६ लाख रुपये, त्या काळचे! सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे पंढरीच्या वारकऱ्यांना नेणारी बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभी केली तेच. २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली.

जरा कल्पना करा. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, लांबी साधारण २१ किलोमीटर, आणि काही ठिकाणी चढ असा की वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. दार्जिलिंगला गाडी काही ठिकाणी पुढे-मागे करत डोंगर चढते. इथे ते टाळलं आणि घोड्याच्या नालेसारखी मोठी वळणं काढली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान असं करत गाडी वर येते आणि सगळ्या वाटेत बोगदा एकच. वळणं इतकी घट्ट की साधं इंजिन अडकलं असतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून खास इंजिनं आणली, ज्यांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकू शकत. उतरताना डब्याडब्यावर ब्रेकवाला उभा राहून हाताने ब्रेक आवळायचा. याला आपण 'टॉय ट्रेन' म्हणतो. मला तो शब्द आवडत नाही. खेळणं म्हटलं की ते बंद पडलं तरी कुणाचं काही अडत नाही, असा अर्थ आपोआप निघतो.

गाडी आली आणि गावाने आकार घेतला. स्टेशन थेट बाजारपेठेत आहे, हे लक्षात घ्या. बंगले रानात लांब लांब पसरले होते. दुकानं, हॉटेलं, खानावळी मात्र रुळांच्या आजूबाजूला दाटल्या. तिकीट काढून येणारा साधा माणूस सुट्टीत बायकापोरांना घेऊन वर येऊ लागला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाडी मोटारींच्या आधी आली. नंतर नेरळहून रस्ता झाला, तरी तो दस्तुरी नाक्यालाच थांबला. २००३ मध्ये केंद्राने माथेरान इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं, पण बिनमोटारीचं गाव ही काही त्या कागदाची देणगी नाही. भार वाहायला रूळ होते, म्हणून मोटारीवाचून गाव चालू शकलं.

आता गाडीची तब्येत बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो मार्च २००७ ला उघडला. मे २०१६ मध्ये डबे दोनदा घसरले, गाडी बंद. नंतर डब्यांना एअरब्रेक बसवले, पण नेरळहून गाडी निघाली ती जानेवारी २०१८ मध्ये. ऑगस्ट २०१९ ला पुन्हा दरडी आणि खचलेले रूळ, सुरू झाली ऑक्टोबर २०२२ ला. बेरीज करा, सहा वर्षांहून जास्त होतात. शिवाय पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंदच असते, वरची शटल तेवढी चालते.

नेरळची गाडी बंद म्हणून रोजच्या गरजा थांबत नाहीत. सिलिंडर, भाजी, सिमेंट, आजारी म्हातारी यातलं काहीतरी कुणाच्या तरी पाठीवर, डोक्यावर नाहीतर घोड्यावर जातंच. हातरिक्षा इतकी वर्षं टिकली त्याला गरिबी कारण आहे, तसा हाही एक हिशेब आहे. मग ई-रिक्षा आल्या की प्रश्न सुटेल का? दस्तुरी ते बाजार सुटेल, तेही हातरिक्षावाल्यांच्याच हातात त्या गेल्या तर. नेरळहून वर येणाऱ्या माणसाचं आणि मालाचं काय?

माझं म्हणणं साधं आहे. मध्य रेल्वेने घाटातल्या नाल्या, मोऱ्या आणि संरक्षक भिंतींची कामं पावसाआधी पूर्ण करावीत आणि त्याची तारीख लोकांना सांगावी. व्हिस्टाडोमचे डबे जरूर लावा, पण एखादा मालडबा आणि स्थानिकांना परवडेल असा पासही द्या. युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही रेल्वे २००५ पासून आहे. अर्ज करताना 'वारसा' म्हणायचं आणि पावसाळा आला की रूळ नशिबावर सोडायचे, हे बरं नाही दिसत.

नेरळ-माथेरानच्या जुन्या मंडळींना एक विनंती. गाडीतून घरचा किराणा, शाळेची पुस्तकं, लग्नाचं सामान आणल्याच्या आठवणी असतील तर खाली लिहा. फोटो असतील तर टाका. निवेदन देताना सोबत जोडू.