कागदावरची होडी आणि टपालातली शाळा

आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. घरबसल्या नौकारचना शिकणारे विद्यार्थी आपली ड्रॉइंग्ज एकमेकांना दाखवतात, तेव्हा नेमकं काय घडतं? आज हे फार सोपं झालंय. समजा, रत्नागिरीतला एक मुलगा संगणकावर होडी तयार करतो आणि निळ्या पाण्यावर तरंगणारं तिचं चकचकीत चित्र दुसऱ्या देशातल्या सहाध्यायाला पाठवतो. दोन मिनिटांत उत्तर येतं, ‘फारच सुंदर!’ आमचं म्हणणं असं आहे, की या उत्तरातून दोघंही काही शिकले नाहीत. असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आधी एक फरक लक्षात घेऊ. होडीचं चित्र वेगळं आणि होडीचं ड्रॉइंग वेगळं. घराच्या भिंती सरळ असतात. लांबी, रुंदी, उंची सांगितली की गवंडी कामाला लागतो. होडीत सरळ रेघ जवळपास नसतेच. म्हणून तिचा आकार तीन आकृत्यांत मांडतात. एक बाजूने, एक वरून आणि एक समोरून. समोरच्या आकृतीत पाव कापावा तसे होडीचे आडवे काप दिसतात. होडीच्या अंगावरचा कुठलाही बिंदू घ्या, त्याचं माप या तिन्ही आकृत्यांत जुळलंच पाहिजे. एका ठिकाणी रेघ जरा खेचली, तर उरलेल्या दोन आकृत्या लगेच चुगली करतात. याला लाइन्स प्लॅन म्हणतात. स्वीडनच्या फ्रेडरिक हेन्रिक चॅपमन यांनी १७६८ साली जहाजांच्या अशा आकृत्यांचा मोठा संग्रह छापला, तो आजही अभ्यासला जातो.

या आकृत्यांसोबत मापांचा एक तक्ता असतो. जुन्या इंग्रजी पद्धतीत त्यात ‘२-३-५’ असे आकडे दिसतात, म्हणजे दोन फूट, तीन इंच आणि इंचाचे पाच अष्टमांश. हा तक्ता हातात असला की हजारो मैल दूरचा कारागीर गोदीतल्या लाकडी जमिनीवर होडी पूर्ण आकारात आखू शकतो. तिथे मूळ ड्रॉइंगमधली चूक लपत नाही. एकास बारा या प्रमाणात काढलेल्या कागदावर पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर सरकली, तर जमिनीवर ती सहा मिलिमीटर होते.

आता मुंबईकडे येऊ. १७८२ साली इंग्रजांनी ‘एबे’ नावाचं फ्रेंच लढाऊ जहाज पकडलं. ते इतकं चांगलं होतं, की त्याची मापं घेऊन पुढे त्याच घडणीची जहाजं इंग्लंडमध्ये बांधली गेली. नेपोलियनच्या युद्धांमुळे तिकडे ओकच्या लाकडाची टंचाई झाली, म्हणून याच घडणीचं एक जहाज मुंबईच्या गोदीत सागवानात बांधायचं ठरलं. फ्रान्समध्ये आखलेला आकार इंग्लंडमार्गे मुंबईच्या कारागिरांपर्यंत येणार होता, आणि येणार होता तो कागदावरून.

१८१२ च्या अखेरीस ही ड्रॉइंग्ज ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाली. त्याच जहाजात मुंबईत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’साठी तांब्याचे पत्रे होते. मुंबईच्या सैन्याचे सेनापती म्हणून निघालेले थॉमस हिस्लॉपही त्यातच होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठलं. लढाईत ‘जावा’ इतकं मोडलं, की अमेरिकनांनी ते जाळून टाकलं. ड्रॉइंग्ज गेली, तांबंही गेलं. ड्रॉइंग्जचा दुसरा संच पाठवावा लागला. ‘कॉर्नवॉलिस’ही त्यामुळे रखडलं.

एका कागदाच्या गुंडाळीसाठी केवढा हा खोळंबा! शेवटी मे १८१६ मध्ये जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली बांधणी सुरू झाली. पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरलं. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, २१ डिसेंबरला, महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढायला उभे राहिले ते हेच हिस्लॉप. ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली, मुंबईचं सागवान अजून टिकून आहे.

या गोष्टीतून आम्ही दोन मुद्दे घेतो. पहिला असा, की नीट काढलेलं ड्रॉइंग माणसाशिवाय प्रवास करू शकतं. काढणारा कधी मुंबईला आला नाही, बांधणाऱ्यानं त्याचं तोंड पाहिलं नाही, तरी जहाज उभं राहिलं. दुसरा मुद्दा याच्या उलट आहे. सगळं काही कागदावरून येत नाही. सागवान कुठे वाकवायचं, कुठला ओंडका कुठे वापरायचा, हे वाडियांच्या कारागिरांच्या हातात होतं. पुढे वाफेची जहाजं आली, तेव्हा याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे १८३८ साली नौकाबांधणी शिकायला इंग्लंडला गेले. चॅटमच्या गोदीत ते राहिले आणि १८४१ मध्ये त्यांनी आपल्या मुक्कामाची हकिगत पुस्तकरूपाने छापली. हात आणि डोळा तयार करायला त्या काळी समुद्र ओलांडून जाणं भाग होतं.

मग कागदावरूनच शिकवता येईल का, असा प्रश्न कुणाला तरी पडणारच होता. आयझॅक पिटमन यांनी १८४० साली इंग्लंडमध्ये टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. अमेरिकेत स्क्रँटन इथे १८९१ साली खाणकामगारांसाठी टपालाचे अभ्यासक्रम सुरू झाले. दिवसभर कोळसा खणायचा आणि रात्री दिव्याखाली गणितं सोडवायची. १९३० साली, ऐन मंदीच्या काळात, अमेरिकेत ‘वेस्टलॉन’ ही नौकारचनेची टपालशाळा निघाली. विद्यार्थी आपल्या गावी नोकरी सांभाळत धडे वाचायचे, ड्रॉइंग काढायचे आणि गुंडाळी करून टपालात टाकायचे. ती दुरुस्त्या होऊन परत यायची.

या शाळेनं काय साधलं, त्याचं एक उदाहरण पाहू. जॅक हारग्रेव्ह हे फ्लोरिडात नौकेवर कप्तान म्हणून काम करणारे गृहस्थ. वेस्टलॉनचा अभ्यासक्रम त्यांनी टपालाने केला. १९६० साली ‘हॅटरस’ कंपनीची पहिली ४१ फुटी फायबरग्लास नौका पाण्यात उतरली, ती त्यांनीच आखलेली. मोठ्या विद्यापीठाची पायरी न चढता एक माणूस इथवर पोहोचला. टपालशाळेचं हे ऋण मान्य केलंच पाहिजे.

पण या पद्धतीत एक मोठी उणीव होती. टपालाचा रस्ता गुरू आणि शिष्य यांच्यामध्येच होता. ड्रॉइंग जायचं, परत यायचं. शेजारचा विद्यार्थी त्यात नसायचाच. चित्रकलेच्या वर्गात आपण मान वळवून दुसऱ्याचा कागद बघतो. ‘अरे, याने छाया इकडून दिली!’ असं मनात येतं आणि तिथेच अर्धं शिक्षण होतं. टपालातल्या विद्यार्थ्याला फक्त स्वतःच्या चुका दिसायच्या. इतरांच्या चुकांतून शिकायची सोय नव्हती. ती भूक काही प्रमाणात नौकाविषयक मासिकांनी भागवली. त्यांत होड्यांचे लाइन्स प्लॅन छापून यायचे आणि हौशी मंडळी त्यावरून अंगणात होड्या बांधायची.

आता संगणकाच्या काळात हा रस्ता उघडलाय. ड्रॉइंग पाठवायला जहाज लागत नाही आणि वाटेत कुणी जाळत नाही. पण नेमक्या याच वेळी गंमत अशी झाली, की ड्रॉइंगऐवजी चित्र फिरायला लागलं. इंग्रजीतून आलेला शब्द ‘रेंडरिंग’. संगणक होडीला रंग देतो, पाणी देतो, संध्याकाळचं ऊन देतो. ते मोहक असतं यात शंका नाही. गिऱ्हाइकाला समजावून सांगायला त्याचा उपयोगही होतो. अडचण इतकीच, की ते तपासता येत नाही. त्या चित्रातली होडी पाण्यात बुडेल की तरंगेल, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

तपासायचं म्हणजे काय करायचं? एक साधा हिशोब घेऊ. पाण्याच्या रेषेवर होडीची लांबी दहा समान भागांत विभागतात, म्हणजे अकरा काप मिळतात. प्रत्येक कापाचं पाण्याखालचं क्षेत्रफळ काढायचं. मग त्यांना क्रमाने १, ४, २, ४, २ असं गुणत शेवटी पुन्हा ४ आणि १ वर यायचं, बेरीज करायची आणि दोन कापांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाने गुणायचं. शाळेत सिम्प्सनचा नियम शिकलेल्यांना हे आठवेल. समजा उत्तर चार घनमीटर आलं. समुद्राचं एक घनमीटर पाणी साधारण १०२५ किलो भरतं, म्हणजे ही होडी ठरवलेल्या रेषेपर्यंत बुडाली की ४१०० किलो वजन पेलते. आता लाकूड, इंजिन, डिझेल, जाळी आणि माणसं यांची बेरीज ५००० किलो होत असेल, तर होडी ठरल्यापेक्षा खोल बसणार. हे दुसऱ्या देशातला सहाध्यायी अर्ध्या तासात सांगू शकतो. अट एकच, त्याच्याकडे आकृत्या आणि वजनांची यादी हवी. नुसत्या चित्रावरून तो ‘फारच सुंदर’ एवढंच म्हणू शकतो.

चित्र असलं आणि ड्रॉइंग नसलं, तर किती कष्ट पडतात, याचा ताजा दाखला आपल्याच प्रदेशातला आहे. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून शिवलेलं जहाज पुन्हा बांधायचं ठरलं. जुन्या काळचा आराखडा कुठेच शिल्लक नव्हता. भिंतीवरच्या रंगांतून कापांचा आकार, वजन, तोल हे सगळं नव्याने शोधावं लागलं. भारतीय नौदलाने आराखडा केला, मद्रासच्या आयआयटीत त्याची पाण्यातली चाचणी झाली आणि बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या चित्रकाराला दोष देण्याचं कारण नाही. त्याला जहाज बांधायचं नव्हतं, कथा सांगायची होती.

याच गोव्यात, दिवाडी बेटावर, त्याआधी ‘म्हादेई’ बांधली गेली. तिचं ड्रॉइंग आलं होतं नेदरलँडमधून. त्याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने मुंबई ते मुंबई पृथ्वीप्रदक्षिणा केली. ड्रॉइंग हाती असलं, तर परक्या देशातला आकारही आपल्या बेटावर उभा राहतो. आणि नसलं, तर आपल्याच पूर्वजांचं जहाज आपल्याला परकं होतं. कोकणच्या किनाऱ्यावर डोळ्याच्या अंदाजाने मचवे आणि होड्या बांधणारे सुतार अजून आहेत. त्यांची मापं कागदावर उतरली नाहीत, तर उद्या आपल्या हातात फक्त फोटो उरतील.

म्हणून दूरस्थ विद्यार्थ्यांना आमचं सांगणं एवढंच. मित्राला होडी दाखवायची असेल, तर चित्र जरूर पाठवा, पण सोबत तिन्ही आकृत्या, मापांचा तक्ता आणि वजनांची यादीही पाठवा. अर्धवट असली तरी पाठवा. चूक दिसेल याची लाज वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कागदावर सापडलेली चूक खोडरबराने जाते, समुद्रात सापडलेली जात नाही. आणि मित्राचं ड्रॉइंग तुमच्याकडे आलं, तर ‘सुंदर’ म्हणण्याआधी एक काप मोजून बघा. त्याने विश्वासाने पाठवलेल्या कागदाचा तोच खरा मान आहे.

जवळपास राहणाऱ्यांनी एखाद्या रविवारी आपल्या बंदरावर जाऊन एका होडीची मापं घ्यावीत, सुताराला विचारून, त्याचं नाव कागदावर लिहून. पुढच्या वेळी ती ड्रॉइंग्ज घेऊन या, आपण ती मिळून तपासू. आता तुमचे प्रश्न घेऊया.