देवानंदेला कुणी विचारलं?

आमच्याकडं बेळगाव भागात बहुतेक जैन दिगंबर. लहानपणी बस्तीत ऐकलेली भगवान महावीरांच्या जन्माची कथा एकाच आईची होती. त्रिशलामाता, तिची सोळा स्वप्नं, आणि मग चैत्र शुद्ध त्रयोदशी. लग्नानंतर शेजारी एक श्वेतांबर कुटुंब राहायला आलं. त्या घरच्या काकींबरोबर पर्युषणात कल्पसूत्राच्या वाचनाला गेले, तेव्हा देवानंदेचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ते त्यांचं. आपल्यात तसं नाही." विषय तिथंच मिटला.

गेल्या वर्षी तो पुन्हा निघाला. माझी भाची, वय ३८, लग्नाला अकरा वर्षं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, तुमच्या स्वतःच्या बीजावर आता फार भरवसा ठेवता येणार नाही. दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्या. ती माझ्याकडं येऊन बसली. चहा गार झाला तरी कप तसाच. मग म्हणाली, "मावशी, घरात म्हणतात हे आपल्या धर्मात बसत नाही. कुळ कुणाचं, रक्त कुणाचं, म्हणतात. तू एवढं वाचतेस, सांग की, खरंच बसत नाही काय गं?"

मी पंडिता नाही. पण तिच्यासाठी पोथ्या काढून बसले.

कल्पसूत्रातली कथा अशी. महावीरांचा जीव आधी देवानंदा नावाच्या ब्राह्मणीच्या पोटी आला. तिचा नवरा ऋषभदत्त. ८२ दिवस उलटले, आणि इंद्राच्या आज्ञेनं हरिनैगमेषी देवानं तो गर्भ उचलून त्रिशला राणीच्या उदरात ठेवला. त्रिशलेचा गर्भ देवानंदेकडं नेला. कारण काय, तर तीर्थंकर क्षत्रिय कुळातच जन्मायला हवा. पण मग तो जीव आधी दुसरीकडं का आला? त्याचं उत्तर श्वेतांबर परंपरेत आहे. पूर्वीच्या एका जन्मी, मरीची असताना, त्यानं आपल्या कुळाचा गर्व केला होता. त्या कर्माचा हा भोग. भाचीला मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं. ज्या कथेचा आधार घेऊन आपण कुळाच्या गप्पा मारू, तिच्यात कुळाचा अभिमान हाच दोष ठरला आहे.

ही कथा जुनी असल्याची खूण दगडात मिळते. मथुरेच्या कंकाली टिल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन झालं, त्यात कुषाणकाळातलं एक शिल्प निघालं. आज ते लखनौच्या संग्रहालयात आहे. बोकडाच्या तोंडाचा देव बसलेला, जवळ स्त्रिया आणि एक मूल, आणि अक्षरं कोरलेली, 'भगवा नेमेसो'. ब्यूलर या पंडितानं हा गर्भपालटाचा प्रसंग मानला. काहींना ते पटलं नाही. पण हा देव बायकांचा होता, लेकरं देणारा आणि राखणारा, हे मात्र नक्की. त्याच्या मातीच्या लहान मूर्ती उत्तरेत अनेक ठिकाणी सापडल्या आहेत. त्यांच्यापुढं हात जोडणाऱ्या बायका काय मागत असतील, ते वेगळं सांगायला नको.

"पण आपल्यात नाही ना?" भाचीनं विचारलंच. गर्भपालट आपण दिगंबर मानत नाही, हे खरं. पण जिनसेनाचार्यांचं हरिवंशपुराण आपलंच. शक ७०५ मधलं, म्हणजे इसवी सन ७८३. त्यात कंसाच्या भीतीनं देवकीची जुळी मुलं नैगम देव भद्रिलपूरला नेतो. तिथं अलका नावाच्या शेठाणीच्या कुशीत ती वाढतात, आणि पुढं मोठी होऊन दीक्षा घेतात. एकीनं जन्म दिला, दुसरीनं वाढवलं. दोघींपैकी कुणाचंही आईपण पुराणानं खोटं ठरवलेलं नाही.

पोथीतून बाहेर आलं तर कायदा दिसतो. १८७८ साली शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं मान्य केलं, की जैनांच्या रूढीप्रमाणं निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येतं. इतर हिंदू विधवांना बहुतेक ठिकाणी अशी मोकळीक नव्हती. रक्ताशिवाय वंश चालवायची आपल्याला सवय आहे, ती अशी कागदोपत्री. पण तो दत्तक मुलगाच असे. मुलगी कायद्यानं दत्तक घेता यायला १९५६ उजाडावं लागलं.

आता दवाखान्याचा इतिहास. दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून पहिलं मूल १९८३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात जन्मलं. त्यानंतर फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात एक. त्याची रीत ऐकून मी थबकले. गर्भ आधी एका बाईच्या पोटात तयार झाला, काही दिवसांनी तो धुऊन बाहेर काढला, आणि दुसरीच्या पोटात ठेवला. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. कथा ती कथा. पण माणसाच्या मनाला ही कल्पना परकी नव्हती, एवढं खरं. आपल्याकडं डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ साली मुंबईत केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, आणि १९९१ च्या जानेवारीत घेतलेल्या बीजापासूनचं पहिलं बाळही त्यांच्याच उपचारानं.

इथवर भाचीचा चेहरा मोकळा झाला होता. मग मी तिला माझी अडचण सांगितली.

कल्पसूत्रात गर्भ नेण्याआधी देव देवानंदेला गाढ झोपवतो. झोपेत तिला दिसतं, की आपली चौदा स्वप्नं त्रिशलेनं हिरावून नेली. तिला कुणी विचारलं नाही. आजची बीज देणारी बाईही झोपलेलीच असते. दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेते, मग भूल देऊन सुईनं बीजं काढतात. अनेकदा ती गरजू असते. २०२१ च्या कायद्यानं तिची थोडी काळजी घेतली आहे. वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, लेखी संमती, बारा महिन्यांचा विमा. तिचं नाव तुला कळणार नाही. पण हे सगळं पाळलं का, हे तू डॉक्टरांना विचारू शकतेस. विचार.

दुसरं, उरलेल्या गर्भांचं. आपण पाणी गाळून पितो. मग पाच-सहा गर्भ करून ते गोठवायचे, कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवायचे, आणि नंतर नष्ट होऊ द्यायचे, हे मला सोसत नाही. कमी बीजं फलित करा असं सांगता येतं.  माझं मन तिकडं झुकतं. पण औषधं तुझ्या अंगावर पडणार, निर्णय तुझा.

"आणि मूल माझं होईल?" तिनं हळूच विचारलं.

कायद्यानं ते तुमचंच, देणाऱ्यांचा हक्क राहत नाही. धर्मानं म्हणशील, तर आईबाप फक्त शरीराचं साहित्य देतात. जीव आपलं कर्म घेऊन स्वतः येतो. आपल्या पोटच्या बीजातला जीवसुद्धा आपण घडवलेला नसतो.

शेवटी तिला भगवतीसूत्रातली गोष्ट सांगितली. महावीर केवली झाल्यावर देवानंदा त्यांच्या दर्शनाला येते. त्यांना पाहताच तिला पान्हा फुटतो. गौतमस्वामी कारण विचारतात. महावीर भर सभेत सांगतात, ही माझी आई. त्रिशलेचा मुलगा म्हणून वाढलेल्या त्यांनी ते लपवलं नाही, आणि त्यानं त्रिशलेचं काही कमी झालं नाही.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मुलाला सांगायचं."

"हो, सांगायचं."

"आणि आत्तींना?"

मी म्हटलं, त्यांना उद्या इकडं घेऊन ये. हीच गोष्ट मी त्यांना पहिल्यापासून सांगेन.