परीक्षकांना न पटलेल्या निबंधाचे पारितोषिक

१/
१५ मार्च १८१९. प्रकाशाच्या विवर्तनावरील सर्वोत्तम निबंधाचे पारितोषिक पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्या दिवशी प्रदान केले. विजेता होता ओग्युस्तँ फ्रेनेल, रस्ते व पूल खात्यात नोकरी करणारा अवघ्या तीस वर्षांचा अभियंता. पाच परीक्षकांपैकी तिघांना त्याचा मूळ सिद्धान्तच अमान्य होता, तरीही पारितोषिक त्यालाच मिळाले. हे कसे घडले, याचा हा धागा.

२/
त्या काळी प्रकाश म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा प्रवाह, हे न्यूटनच्या परंपरेतून आलेले मत युरोपात प्रबळ होते. इंग्लंडमध्ये थॉमस यंगने १८०१ पासून तरंगांची बाजू मांडली. तिची तिथल्याच एका समीक्षकाने जाहीर खिल्ली उडवली. फ्रान्समध्ये तर कणवादाच्या पाठीशी साक्षात लाप्लास उभा होता.

३/
कणवादाची एक दुखरी जागा होती. केसाची किंवा पात्याच्या कडेची सावली बारकाईने पाहिली तर तिच्या सीमेवर उजळ आणि काळ्या पट्ट्या दिसतात. यालाच विवर्तन म्हणतात. कडेजवळून जाताना कणांवर आकर्षण-प्रतिकर्षणाची बले कार्य करत असावीत, असे कणवादी म्हणत. परंतु पट्ट्यांचा नेमका हिशेब कोणी मांडला नव्हता.

४/
अशा प्रश्नांवर स्पर्धा लावण्याची अकादमीची रीत होती. १८१० मध्ये दुहेरी अपवर्तनावरील पारितोषिक एत्येन-लुई मालुसने पटकावले आणि कणवादाचे बळ वाढले. १८१७ मध्ये विवर्तनाचा विषय जाहीर झाला. कडेजवळून जाणाऱ्या ‘किरणांची गती’ गणिताने काढावी, असे त्यात म्हटले होते. अपेक्षित उत्तर कोणते, हे प्रश्नाच्या भाषेतूनच सूचित होत होते.

५/
फ्रेनेलचे आयुष्य तोवर पॅरिसच्या विद्वत्सभांपासून दूर, प्रांतोप्रांती रस्ते बांधण्यात गेले होते. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून परतला, तेव्हा फ्रेनेल राजपक्षाच्या बाजूने उभा राहिला. परिणामी नोकरी गेली आणि पोलिसांची पाळत मागे लागली. तो नॉर्मंडीतील मात्यू या गावी आईच्या घरी येऊन राहिला.

६/
या सक्तीच्या विश्रांतीतच त्याचे प्रयोग सुरू झाले. चांगले भिंग हाताशी नव्हते, म्हणून तांब्याच्या पत्र्याला बारीक छिद्र पाडून त्यात त्याने मधाचा थेंब बसवला आणि त्याचेच भिंग केले. पट्ट्यांमधील अंतर मोजण्याचे साधनही घरगुतीच होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पहिला निबंध अकादमीकडे रवाना झाला.

७/
तो निबंध फ्रान्स्वा आरागो या तरुण सदस्याच्या हाती पडला. यातील बरेचसे यंगने आधीच सांगितले आहे, हे फ्रेनेलला त्याच्याकडून कळले. फ्रेनेलला इंग्रजी येत नव्हते. एखादा खचून गेला असता. फ्रेनेलने मात्र नोकरीवर रुजू झाल्यानंतरही, रजा मिळेल तेव्हा पॅरिसला येऊन, काम पुढे नेले. स्पर्धेत उतरण्याचा आग्रह आरागो आणि आम्पेर या दोघांनी धरला.

८/
२९ जुलै १८१८ रोजी, मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी, त्याने निबंध दाखल केला. प्रथेप्रमाणे त्यावर नाव नव्हते, केवळ एक लॅटिन बोधवाक्य होते. अर्थ असा : निसर्ग साधा आहे आणि सुफल आहे. स्पर्धेत एकूण दोनच निबंध आले.

९/
निबंधाचा गाभा असा : तरंगाग्राचा प्रत्येक बिंदू हा नव्या लहरींचा उगम मानावा आणि त्या सर्व लहरींची बेरीज करावी. त्यातून पट्ट्यांची स्थाने आकड्यांत मिळतात, आणि ती मोजमापांशी जुळली. शिवाय वस्तऱ्याची धार वापरा किंवा पाठ, पट्ट्या त्याच राहतात. त्या कडेच्या बलांमुळे उमटत असत्या, तर असे घडले नसते.

१०/
परीक्षक होते लाप्लास, बियो, प्वासाँ, आरागो आणि गे-ल्युसाक. पहिले तिघे कणवादी, आरागो तरंगांकडे झुकलेला, गे-ल्युसाक तटस्थ. निकाल मतांवर ठरता तर फ्रेनेलची बाजू पडलीच होती.

११/
प्वासाँ निष्णात गणिती. त्याने फ्रेनेलचीच समीकरणे हाती घेऊन एक विचित्र निष्कर्ष काढला : वाटोळ्या अपारदर्शक चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी, जणू चकती नाहीच, इतका उजळ बिंदू दिसायला हवा. सावलीच्या पोटात उजेड! सिद्धान्ताची कसोटी याहून कठोर असू शकत नव्हती.

१२/
आरागोने ती कसोटी घेतली. २ मिलिमीटर व्यासाची चकती मेणाने काचेवर चिकटवली आणि सावली निरखली. मधोमध उजळ बिंदू होता. जवळपास शंभर वर्षांपूर्वी माराल्दीने तो पाहिलाही होता, परंतु ते निरीक्षण विस्मरणात गेले होते.

१३/
येथे एक लोकप्रिय दंतकथा दूर सारावी लागते. बिंदू दिसला आणि विरोधक त्याच क्षणी तरंगवादी झाले, असे घडले नाही. समितीच्या अहवालात गौरव झाला तो मुख्यतः प्रयोगांचा आणि सूत्रांचा. प्रकाश म्हणजे तरंग, हे मान्य केल्याचा उच्चार त्यात नव्हता. १८२३ मध्येही प्वासाँ फ्रेनेलशी वाद घालतच होता.

१४/
मग पारितोषिकाने साधले काय? मते बदलली नाहीत, पण परीक्षकांना वाचावे लागले. एरवी एका अभियंत्याचे लांबलचक गणित प्वासाँने कशाला उलगडले असते? स्पर्धेने ते त्याचे कर्तव्य केले. त्याने ते विरोधकाच्या कसोशीने केले, म्हणूनच तो बिंदू हाती लागला.

१५/
१८२३ मध्ये फ्रेनेल अकादमीचा सदस्य झाला. त्याच वर्षी कोर्दुआँच्या दीपगृहात त्याने रचलेले भिंग प्रकाशू लागले. पारितोषिकप्राप्त निबंध अकादमीच्या ग्रंथात पूर्ण छापून यायला मात्र १८२६ साल उजाडले. १४ जुलै १८२७ रोजी क्षयाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ३९.

१६/
प्रकाशशास्त्रातील संस्था आजही नवोदित संशोधकांना सर्वोत्कृष्ट शोधनिबंधाची पारितोषिके देतात. मानपत्र आणि रक्कम यांचे मोल आहेच. पण १८१९ सालाची साक्ष काढली, तर त्याहून मोठी देणगी वेगळीच ठरते : ज्याला आपले म्हणणे पटत नाही, अशा जाणत्या माणसाने ते शेवटच्या ओळीपर्यंत तपासून पाहणे.