शकुंतला रेल्वे आणि आमचे गार्डकाका

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी प्रथम वतनदारांकडे, देवस्थानाच्या पंचांकडे आणि पदवीधरांकडे वळते. त्यात गैर काही नाही. ज्यांनी मंडळास जागा दिली, विद्यार्थ्यांस साहाय्य केले, त्यांचे स्मरण झालेच पाहिजे. परंतु दरमहाच्या पगारात संसार चालवून, त्यातूनच मुलांना शाळेच्या पायरीपर्यंत नेणाऱ्या साध्या नोकरदाराने आपल्या ज्ञातीला जे दिले, त्याची नोंद आमच्या स्मरणिकांत क्वचितच आढळते. ही उणीव ठेवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे पुढे ओघाने येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, अचलपूर-मूर्तिजापूर या लहान रेल्वेमार्गावर उभे आयुष्य घालविलेल्या एका ज्ञातिबांधवाची ही आठवण आहे. आपले नाव छापून यावे अशी त्यांना कधीच हौस नव्हती, व घरच्या मंडळींचीही तशीच इच्छा आहे. म्हणून साऱ्या मार्गावर ज्या नावाने ते ओळखले जात, त्या 'गार्डकाका' याच नावाने आम्ही येथे त्यांचा उल्लेख करतो.

गार्डकाकांचे काम समजावयाचे तर प्रथम त्यांच्या गाडीचा इतिहास ठाऊक हवा. आपले अचलपूर हे एके काळचे राजधानीचे शहर. १४९० साली वऱ्हाडात इमादशाही स्थापन झाली, ती याच गावाच्या आधाराने. पुढे इंग्रजी दप्तरांत याचे 'एलिचपूर' झाले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि १८६७ पर्यंत भुसावळहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग नागपुरास जाऊन पोहोचला. तो मूर्तिजापूर व बडनेऱ्यावरून गेला. अचलपूर उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी बाजूला राहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली होती, आणि जेथे आगगाडी तेथे कापसाची पेठ असा तो काळ होता. साहजिकच अमरावती वाढत गेली व अचलपूर मागे पडले. १९०५ साली एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हाही मोडण्यात येऊन अमरावती जिल्ह्यात सामील झाला. ज्या गावाने सुलतान पाहिले, त्याला आता साध्या कचेरीच्या कामासाठीही अमरावती गाठावी लागू लागली.

अशा काळात मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभारली, आणि त्या दशकात मूर्तिजापूरहून दोन लहान मार्ग निघाले. एक दक्षिणेस यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा उत्तरेस अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांत साडेपाच फूट अंतर. यांच्या रुळांत अवघे अडीच फूट. त्यामुळे येथला माल मूर्तिजापुरास एका डब्यातून उतरवून हमालांकरवी दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. मालकी कंपनीची, परंतु गाडी चालविण्याचे काम जी. आय. पी. रेल्वेकडे, व १९५१ नंतर मध्य रेल्वेकडे होते. स्वातंत्र्य मिळाले, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग मालकीने खाजगीच राहिला, ही मौज पुष्कळांस ठाऊक नाही. लोकांनी मात्र मालकी कोणाची हे न पाहता गाडीला 'शकुंतला' असे आपल्या घरातल्या लेकीचे नाव दिले.

या गाडीची चाल बेताची. शहात्तर किलोमीटरांस सुमारे चार तास लागत. मँचेस्टरच्या नॅस्मिथ विल्सन कारखान्यात १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन या मार्गांवर १९२३ पासून सत्तर वर्षे राबले. नोकरवर्ग थोडा, कामे अनेक. आडवाटेचे फाटक आले की गाडी अलीकडे थांबावयाची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावावयाचा. गाडी पलीकडे गेली की तोच ते उघडून पुन्हा गाडीत चढावयाचा. लहान स्थानकांवर तिकीटबाबू नसे, तेथे तिकिटे गार्डनेच द्यावयाची. झेंडी, शिटी, कंदील, पार्सले, तिकिटांचा हिशेब आणि म्हाताऱ्या बायांची गाठोडी, हे सारे एका माणसाच्या अंगावर असे. तो माणूस म्हणजे आमचे गार्डकाका.

बनोसा, अंजनगाव, पथ्रोट या स्थानकांवरील मंडळींना ते घरच्यासारखे होते. अंजनगावच्या पानमळ्यांतील करंड्या त्यांच्या देखत चढल्या म्हणजे मळेवाले निश्चिंत असत. बाळंतपणासाठी माहेरी निघालेली लेक एकटी असली, तर तिचा बाप तिला त्यांच्या हवाली करून घरी परते. कोणी त्यांना हिणवून म्हणे, ''काकाजी, तुमची गाडी काय, खेळन्यातली!'' त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : ''गाडी लहान हाये बाप्पा, पन तिच्यात बसते तो मानूस लहान नसते.''

घरी पत्नीस दम्याचा विकार, पाच मुले, आणि विधवा बहीण व तिचा एक मुलगा. अचलपुरातील दोन खोल्यांत एवढा संसार. ड्यूटीवरून परतल्यावर ते प्रथम चुलीपाशी जात. पत्नीस धुराचा त्रास म्हणून संध्याकाळच्या भाकरी पुष्कळदा तेच थापीत. त्या काळी पुरुषाने असे करणे म्हणजे ज्ञातीत चेष्टेचा विषय होता. त्यांनी चेष्टेकडे लक्ष दिले नाही. मोठ्या मार्गावर बढतीने जाण्याची संधी त्यांना दोनदा आली. पगार वाढला असता, मान वाढला असता. परंतु रात्रपाळ्या व परगावचा मुक्काम आला असता, म्हणून त्यांनी ती दोन्ही वेळा नाकारली. आमच्या ज्ञातीच्या बैठकीत तेव्हा, 'याला पुढे जाण्याची हिंमत नाही,' असे उघड बोलले गेले. आज आम्ही हिशेब मांडतो, तो वेगळा निघतो. त्यांच्या दोन्ही मुली मॅट्रिक झाल्या व एक शिक्षिका झाली. बहिणीचा मुलगा त्यांच्याच पगारावर पदवीपर्यंत शिकला. सातवीनंतर मुलीला घरी बसवावयाचे हा रिवाज ज्या वर्षांत होता, त्या वर्षांतील ही गोष्ट आहे. हा मार्ग ज्या मुलखातून जातो तो श्रीगाडगे महाराजांचा मुलूख. शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव याच भागातले. मुलांना शिकवा, हा त्यांचा उपदेश आम्ही कीर्तनात ऐकून माना डोलावल्या; गार्डकाकांनी तो पगाराच्या दिवशी पाळला.

आता आमच्या ऋणाची गोष्ट. १९७५ साली आम्ही मॅट्रिकच्या परीक्षेस बसलो. आमचे खेडे पथ्रोटच्या बाजूचे, परीक्षेचे केंद्र अचलपूर. वडील त्या वर्षीच वारलेले. घरात पैसा नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही तिकीट न काढताच डब्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलो. गार्डकाकांनी पाहिले. ज्ञातीतला मुलगा, ओळखीचे घर. डोळेझाक केली असती तर कोणी विचारणारे नव्हते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी आम्हांस खाली उतरविलेही नाही. पेटीतून तिकीट काढून आमच्या हातात दिले, आणि स्वतःच्या खिशातील पैसे मोजून रेल्वेच्या पिशवीत टाकले. पेपर संपेपर्यंत रोज हेच चालले. या काळात त्यांनी आम्हांस उपदेशाचा एक शब्द ऐकविला नाही.

पुढे शिक्षकाची नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचे पैसे घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, ''मले नोको मास्तर. कोनतं पोट्टं बिनतिकिटाचं दिसलं, त त्याचं काढजा.'' पस्तीस वर्षे शाळेत काढताना परीक्षेची फी न भरलेला मुलगा समोर उभा राहिला की हे वाक्य आम्हांस आठवे. प्रत्येक वेळी आम्ही ते पाळले असे म्हणण्याचे धैर्य होत नाही.

आणि तरीही, काही वर्षांनी मंडळाने 'आपल्या ज्ञातीतील कर्तबगार पुरुष' हा लेख आमच्याकडे सोपविला, तेव्हा आम्ही वकील, डॉक्टर, जिनिंगचे मालक असे सारे घेतले. गार्डकाका घेतले नाहीत. विसरलो असेही नाही. केवळ 'गार्ड' हा शब्द त्या यादीत शोभणार नाही असे वाटले. तेव्हा ते सेवानिवृत्त झाले होते. त्यांनी अंक विकत घेतला, अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि आम्ही भेटलो तेव्हा म्हणाले, ''चांगलं लेयलं मास्तर. फक्त एक चुकलं. आपली गाडी सरकारनं नाही बांधली, कंपनीनं बांधली.'' दुसरी कोणतीही चूक त्यांनी दाखविली नाही. ती आमची आम्हांस कळावयास फार वर्षे लागली.

१५ एप्रिल १९९४ रोजी ते जुने वाफेचे इंजिन निवृत्त झाले व डिझेल आले. पुष्कळांनी इंजिनासाठी हळहळ व्यक्त केली. गार्डकाकांनी एवढेच विचारले, ''मंग फायरमन पोट्टे कोठी धाडले?'' या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ते वारले. गाडी तेव्हा चालू होती. पुढे २०१० नंतरच्या दशकात ती दोन्ही बाजूंनी थांबली. मार्ग रुंद व्हावा म्हणून मागण्या झाल्या, घोषणा झाल्या. या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांनी त्या निवेदनांवर सह्या केल्या आहेत. मार्ग व्हावा, अवश्य व्हावा. परंतु रूळ पुन्हा घालता येतात. त्यावरून गेलेल्या माणसांच्या आठवणी त्यांना ओळखणारी पिढी गेली की परत येत नाहीत.

म्हणून मंडळास आमची नम्र विनंती आहे की, पुढील अंकापासून काही पाने अशा नोकरदारांकरिता राखून ठेवावी : रेल्वेतील, गिरणीतील, टपालातील, जंगल खात्यातील. घराघरांतील जुन्या पेट्यांत सेवापुस्तके, ओळखपत्रे, पितळी बिल्ले, एखादे छायाचित्र पडून असेल; ते मंडळाकडे पाहावयास द्यावे. लिहून देणे ज्यांना जमत नसेल, त्यांच्याकडे येऊन लिहून घेण्यास आम्ही तयार आहो. पाय आता पूर्वीसारखे चालत नाहीत, पण लेखणी अजून चालते.

गार्डकाकांची ही नोंद तीस-पस्तीस वर्षे उशिरा होत आहे. तिकिटाचे पैसे त्यांनी परत घेतले नाहीत. ही चार पाने त्या पैशांच्या बदली आहेत असेही आम्ही म्हणत नाही. आमच्या जुन्या लेखातील दुसरी चूक आम्ही येथे दुरुस्त करतो, इतकेच.